तीन मिनिटं वीस सेकंद



मासिकाच्या मराठी विभागाचं संपादक मंडळ दरवर्षी माझ्याकडे येतं आणि दरवर्षी एकच मागणी करतं. "सर, टेक्निकल लिहा, पण झोप येणार नाही असं लिहा." मागच्या वर्षी मी बेअरिंगच्या वंगणावर लिहिलं. ते कोणी शेवटपर्यंत वाचल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही. त्यात एक परिच्छेद दोनदा छापून आला होता, तरी एकानेही तक्रार केली नाही, यावरून काय ते समजा! यंदा विषय मला हॉस्टेलनेच दिला.

झालं असं, की एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास रोह्याहून पेणला परतताना रेक्टरसरांना एक फाइल द्यायला मी हॉस्टेलवर थांबलो. गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि कट्ट्यावर बसलेल्या थर्ड इयरच्या चार-पाच जणांची बोलती बंद. "आयला, सर आहेत!" हे एकजण दबक्या आवाजात म्हणाला, ते मी ऐकलं नाही असं धरून चाला. पण दुसऱ्याने जे विचारलं ते नीट ऐकलं.

"सर, या वयात?"

माझं वय छप्पन्न. प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. हाच प्रश्न २०१९ साली माझ्या घरी फार गंभीरपणे विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर तोंडी न देता कागदावर हिशोब मांडून द्यावं लागलं होतं. तो हिशोब इथे मांडतो. स्टाफमधल्या ज्या मंडळींनी चाळिशीनंतर पुन्हा गाडी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी तो जरूर तपासावा. आणि तुमच्यापैकी ज्यांचे वडील अजून गाडीवर कामाला जातात, त्यांनी हा अंक घरी न्यावा.

आधी स्पोर्ट टूरिंग म्हणजे काय ते सांगतो. रेसच्या गाडीवर माणूस टाकीवर पालथा पडलेला असतो. क्रूझरवर तो आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे टाकून बसतो. स्पोर्ट टूरर या दोघांच्या मधली. वळणावर चपळ, पण दिवसभर चालवली तरी पाठ शाबूत ठेवणारी, पुढे वारा अडवायला फेअरिंग आणि मागे बॅग बांधायला जागा. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही गाडी काढली. तिचं फेअरिंग विंड टनेलमध्ये तपासून बनवलेलं होतं. या जातीची पहिली म्हणून बरेच जण तिचंच नाव घेतात. आपल्याकडे तेव्हा राजदूत, येझदी आणि बुलेट. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली, १९८५ मध्ये आरएक्स १००, मग १९९९ ची सीबीझी आणि २००१ ची पल्सर. लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीची हौस आपल्या मध्यमवर्गाला खऱ्या अर्थाने परवडू लागली ती माझ्या मते २००३ च्या करिझ्मापासून. २२३ सीसी, अर्धं फेअरिंग. विशाखापट्टणमचे भरद्वाज दयाला २००६ साली हीच गाडी घेऊन जगप्रदक्षिणेला गेले आणि परतही आले. तेव्हा 'त्यासाठी हजार सीसीच पाहिजे' हे हॉस्टेलच्या कट्ट्यावरचं ब्रह्मवाक्य मला मान्य नाही.

माझी पहिली गाडी १९९२ मध्ये घेतलेली सेकंड हँड आरएक्स १००. मग लग्न झालं आणि चेतक आली. पुढे मुलगी उभी, मागे सौ., मध्ये भाजीची पिशवी. बावीस वर्षं मोटारसायकलला हात लावला नाही. मुलगी बारावी झाली त्या वर्षी, २०१४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी मी पेणमध्येच एक वापरलेली करिझ्मा घेतली. लोक म्हणतात हात विसरत नाहीत. हात नाहीच विसरत! पण डोळे, मान आणि गुडघे मधल्या काळात बदललेले असतात आणि डोक्यात मात्र तेविसाव्या वर्षाचीच आठवण असते. पुन्हा गाडीवर बसणाऱ्या माणसाचा खरा धोका हा आहे.

माझी सासुरवाडी रोह्याची. पेणहून वडखळ, आमटेम, नागोठणे आणि तिथून हायवे सोडून भिसे खिंडीतून रोहा. चाळीसेक किलोमीटर. जानेवारी २०१९, मला पन्नासावं लागलं होतं. शेतात वाल भरलेला, म्हणजे पोपटीचे दिवस. (घाटावरून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी ठेवायची, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. बाकीचं रायगडच्या मित्राला विचारा आणि त्याच्या घरी जा.) सौ. आदल्या दिवशीच एसटीने पुढे गेली होती. मला निघायला उशीर झाला आणि खिंडीत मी जरा जोरातच होतो. किती जोरात ते बघायला काट्याकडे पाहिलं. आकडे पुसट दिसले. नजर तिथेच थोडी जास्त ठेवली, आकडा लागेपर्यंत. साठ. वर पाहिलं तर वळण सुरू झालेलं आणि वळणावर ट्रकमधून सांडलेली बारीक खडी. घाबरून उजवा पाय दाबला, मागचं चाक लॉक झालं आणि पुढचं मला नीट आठवत नाही. दुधाच्या टेम्पोतल्या दोन मुलांनी येऊन गाडी उचलली. "काका, उठू नका, बसून राहा." गाडीवर असताना मला काका म्हणण्याची ती पहिली वेळ. डाव्या गळपट्टीच्या हाडाला चीर. हेल्मेटवर उजव्या बाजूला हाताएवढा ओरखडा. ते हेल्मेट मी अजून केबिनमध्ये ठेवलेलं आहे, बघायचं असेल त्याने यावं.

रोह्याला सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ती गाडी भंगारात द्या." सासरे काही बोलले नाहीत. ते बावीस वर्षं धाटावच्या कारखान्यात सायकलने जात होते, दोन चाकांवर माणूस पडतो हे त्यांना माहीत होतं. सौ. मात्र आठवडाभर गप्प होती. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आठव्या दिवशी तिने माझ्यापुढे वही आणि पेन ठेवलं. "अहो, तुम्ही एवढ्या पोरांना शिकवता ना? मग मला मांडून दाखवा. पटलं तर चालवा. नाही पटलं तर मार्चच्या आत विका."

मुद्दा साधा होता. वयाने मी किती मंद झालो आणि त्याची किंमत काय?

गाडी थांबवायला लागणारं अंतर दोन तुकड्यांचं असतं. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत गाडी त्याच वेगाने जाते, तो पहिला तुकडा : वेग गुणिले वेळ. ब्रेक लागल्यावरचा दुसरा : वेगाचा वर्ग भागिले मंदनाच्या दुप्पट. कोरड्या बऱ्या रस्त्यावर मंदन सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद धरलं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. जागरूक तरुणाला एक सेकंद दिला तर पहिला तुकडा २२ मीटर, दुसरा ४१, एकूण ६३. मला दीड सेकंद दिला तर पहिला तुकडा ३३, एकूण ७४. म्हणजे तरुण जिथे थांबला त्याच्यापुढे मी अकरा मीटर. एसटीची लांबी साधारण तेवढीच असते! (सिव्हिलवाले म्हणतील आयआरसी अडीच सेकंद धरते. बरोबर आहे, रस्ता सगळ्यांसाठी आखायचा असतो. मी फक्त माझ्यापुरता बघत होतो.)

आता उलटा प्रश्न. दीड सेकंद घेणाऱ्या माणसाने त्या तरुणाइतक्याच ६३ मीटरमध्ये थांबायचं असेल तर त्याने किती वेगाने जावं? वर्गसमीकरण आहे, बारावीचं. उत्तर येतं सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२. फक्त आठने कमी. पेण ते रोहा चाळीस किलोमीटर सलग ८० ने गेलं तर तीस मिनिटं, ७२ ने गेलं तर तेहतीस मिनिटं वीस सेकंद. (या रस्त्यावर सलग ८० ने कोणी जाऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. तुलनेसाठी म्हणतोय.)

वयाचं एकूण बिल : तीन मिनिटं वीस सेकंद.

सौ.ने उत्तर तपासलं, वर्गमूळ पुन्हा काढलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी हाड मोडून घेतलंत? एवढ्यात माझा चहासुद्धा होत नाही." मला वाटलं जिंकलो. पण गणिताच्या बाईंना पहिल्याच उत्तराने समाधान होत नसतं. ती पुढे म्हणाली, "हा हिशोब तुम्ही समोर बघत असलात तर खरा. तुम्ही तर काट्याकडे बघत होतात."

इथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

नंतर एकदा लॅबमध्ये सेकंड इयरच्या बॅचबरोबर मी फूटपट्टीचा प्रयोग केला. एकाने पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची, किती सेंटिमीटर सुटली ते बघायचं. मुलांची सरासरी साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे ०.१९ सेकंद. माझी सव्वीस, म्हणजे ०.२३. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात चार! हात तर फारसा मंद झालेलाच नाही. मग अर्धा सेकंद जातो कुठे? तो जातो डोळ्यात आणि ओळखण्यात. काय दिसतंय, ते आपल्या वाटेत आहे का आणि डावीकडे घ्यायचं की थांबायचं हे ठरवण्यात. पट्टी पकडताना ठरवायचं काहीच नसतं, म्हणून त्या प्रयोगात म्हाताराही पास होतो. अर्धा सेकंद मी कदाचित जास्तच धरला असेल. पण फॅक्टर ऑफ सेफ्टी आपण निर्जीव हुकला देतो, मग स्वतःला द्यायला काय हरकत आहे?

डोळ्याचं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होऊ लागतं. लांबून जवळ आणि जवळून लांब फोकस बदलायला वेळ लागतो. चाळिशी लागली म्हणून आपण वाचायचा चष्मा घेतो किंवा बायफोकल. आता बायफोकलची गंमत बघा. खालची काच पुस्तकासाठी, म्हणजे चाळीस सेंटिमीटरसाठी. वरची रस्त्यासाठी. आणि गाडीचा मीटर डोळ्यापासून सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर! दोन्ही काचांतून तो पुसटच. माझ्या डोळ्यांनी खिंडीत जो वेळ खाल्ला, तो इथे. एक सेकंद धरला तरी ताशी ६० ला सतरा मीटर मी न बघता गेलो होतो. पेणच्या डॉक्टरांना मी मीटरचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहून नेलं. ते हसले, पण प्रोग्रेसिव्ह काच बरोबर त्या अंतराला लावून दिली. दुसरा उपाय फुकट आहे : काट्याकडे बघायचंच नाही. गिअर आणि इंजिनचा आवाज यावरून वेग ओळखायला शिका. पंधरा दिवसांत जमतं.

रात्रीचं मात्र काही करता येत नाही. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आणि साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपले की सावरायलाही जास्त वेळ लागतो. हेडलाइट बदलून हे सुटत नाही. वडखळच्या पुढे रात्री ट्रेलरची रांग समोरून येते तेव्हा मला दोन लाइटच्या मधला रस्ता दिसतच नाही. म्हणून नियम : सूर्य मावळायच्या आत घरी. हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पश्चात्ताप झाला.

आता वळण. तुमच्या थिअरी ऑफ मशिन्सच्या ओरलला मी हमखास विचारतो, की मोटारसायकल डावीकडे वळवायला हँडल कुठे वळवायचं? उत्तर येतं, "डावीकडे." चूक. ताशी वीस-पंचवीसच्या वर डावीकडे वळायचं तर डाव्या हाताने हँडल पुढे ढकलायचं, म्हणजे क्षणभर उजवीकडे. टायर उजवीकडे सरकतं, गाडीचा गुरुत्वमध्य डावीकडे राहतो आणि गाडी डावीकडे कलते. याला काउंटर स्टिअरिंग म्हणतात. प्रत्येक सायकलवालासुद्धा ते नकळत करतो. काही हुशार मुलं "जायरोस्कोपिक कपल" म्हणतात. ते थोडी मदत करतं, एवढंच. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या गृहस्थाने सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम पुसून टाकला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या लोकांनी तर जायरोस्कोपही नाही आणि ट्रेलही नाही अशी सायकल बनवली, आणि ती ढकलून दिल्यावर स्वतःची स्वतः तोल सांभाळत गेली. आपल्या लॅबमधला जायरोस्कोप बघून फार भारावून जाऊ नका.

वयाशी याचा संबंध काय? नकळत केलेली गोष्ट घाबरल्यावर उलटी होते. वळण आवळत गेलं की घाबरलेला माणूस हँडल ताठ धरतो, ब्रेक दाबतो आणि ज्या खड्ड्याला घाबरला त्याच्याकडेच बघत राहतो. गाडी सरळ त्या खड्ड्यात. हे मुद्दाम शिकून हातात बसवलं तर भीतीच्या वेळीही हात बरोबर वागतो. मी आपल्या ग्राउंडवर सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवून महिनाभर सराव केला. वॉचमन मामांना वाटलं सरांचं काहीतरी बिनसलंय.

कलण्याचा कोनही बघा. त्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले जी. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० ला कोन साडेएकोणतीस अंश, ५० ला साडेएकवीस. तीस अंशाला टायरची पकड बरीचशी वळण्यातच खर्च झालेली असते, खडीसाठी काही उरत नाही. बावीसला उरते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, आणि वळणात अगदी हलका पण न सोडलेला थ्रॉटल. सुकेळी खिंडीत हे सगळं एकामागून एक नीट जमलं तर गाडी डोलत जाते, आणि त्या वेळी ताशी फक्त पंचेचाळीस असते!

गाडीची निवड. करिझ्मा २०२१ मध्ये मी एका माजी विद्यार्थ्याला दिली आणि वापरलेली २५० सीसीची डॉमिनार घेतली. मुख्य कारण एबीएस. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलला तो एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. माझी जुनी गाडी त्याआधीची होती. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं आणि तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होऊन लगेच लॉक होतं. म्हणजे खिंडीत मी नेमका चुकीचा ब्रेक चुकीच्या जागी मारला. एबीएस असता तर चाक फिरत राहिलं असतं. पडलो नसतोच असं म्हणत नाही, खडी ती खडीच.

४०० सीसीची का नाही घेतली, असं सगळे विचारतात. उत्तर लाजिरवाणं आहे : शोरूमच्या उतारावर ती मला मागे ढकलता आली नाही. चाळिशीनंतर गाडी घेताना टेस्ट राइडआधी हीच परीक्षा घ्या. गाडी बंद करून, खाली उतरून, दहा पावलं मागे ढकला. दम लागला तर ती गाडी तुमची नाही, मग ती कितीही देखणी असो.

बसायची पद्धत हा विषय मोठा आहे, थोडक्यात उरकतो. अगदी ताठ बसलं की खड्ड्याचा प्रत्येक दणका मणक्यातून सरळ वर जातो. फार वाकलं की भार मनगटावर आणि मानेवर. किंचित पुढे झुकलेलं शरीर सगळ्यात बरं, कारण सत्तर-ऐंशीला छातीवर येणारा वारा थोडं वजन पेलतो. पायाला पूर्ण आधार असावा, म्हणजे मोठा खड्डा आला की गुडघ्यावर उठता येतं. गुडघे हेच पन्नाशीचे शॉकअप! आणि थांबणं. तुम्ही पोरं पनवेल ते महाड न थांबता जाता. मी दर पाऊण तासाला थांबतो. त्याची कारणं पन्नाशीच्या पुढच्या स्टाफला सांगायला नकोत, बाकीच्यांना यथावकाश कळतील. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना गाडीचं खरं सांगावं. चाळिशीनंतर लायसनला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं ते दुकानावर शंभर रुपयांत सही मिळते म्हणून नाही. ते स्वतःसाठी असतं.

एक खास आमच्या वयाचा दोष : आमच्या गाड्या कमी चालतात. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर. नक्षी तशीच असते, म्हणून टायर नवं वाटतं. पण रबर किलोमीटरने जेवढं म्हातारं होतं तेवढंच कॅलेंडरनेही होतं. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मी लेख लिहायला घेतला त्या दिवशी स्टाफ पार्किंगमध्ये फिरून बघितलं. कोणाच्या गाडीवर काय सापडलं ते सांगत नाही, पण एका प्राध्यापकांचं टायर त्यांच्या सध्याच्या बॅचपेक्षा दोन वर्षं सीनियर निघालं!

पावसात मी चालवत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ओल्या रस्त्यावर मंदन ४ धरलं तर दीड सेकंदवाल्याला ताशी ८० वरून थांबायला ९५ मीटर लागतात. शिवाय खारेपाटातल्या ट्रॅक्टरने आणलेला चिखल, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि रेल्वे फाटकाचे रूळ. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षांच्या वर चाललं. त्या काळात जुनं डांबर आणि नवं काँक्रीट यांच्या मधली उभी कड पाण्याखाली दिसायची नाही, ते मी विसरलेलो नाही. शिवाय गणपतीच्या आधी पेण-हमरापूरहून मूर्ती घेऊन निघालेले टेम्पो. त्यांना वाट द्यायची, हॉर्न वाजवायचा नाही. आमचे एक सहकारी भर पावसात ताम्हिणीला जातात आणि मला भित्रा म्हणतात. म्हणू देत.

एवढं सगळं पाळून मग मजा काय उरली, असं तुम्ही विचाराल. कट्ट्यावरच्या त्या मुलानेही विचारलं.

टेड सायमन नावाचा इंग्रज पत्रकार १९७३ मध्ये ट्रायम्फवर जगभर फिरायला निघाला, चार वर्षं फिरला, भारतातूनही गेला. २००१ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, तो पुन्हा त्याच वाटेने निघाला. दुसऱ्या वेळी पडला, हाडं मोडली, तरी फेरी पूर्ण केली. मी काही टेड सायमन नव्हे, माझं जग पेण ते रोहा. पण एकच रस्ता दोन वयांत बघण्यात काय आहे ते मला कळतं. १९९२ मध्ये मी नागोठण्यावरून शंभरदा तरी गेलो असेन. अंबा नदीवर निजामशाहीच्या काळातला जुना दगडी पूल आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी दिसलं. आता हिवाळ्यात सकाळी साडेसहाला पेण सोडतो. खाडीकडून धुकं आलेलं असतं, मिठागरांवर बगळे. नागोठण्याला चहा. मग खिंड, तिसरा गिअर, हातात थंडी, आणि ज्या वळणावर पडलो ते वळण. तिथे मी अजूनही वेग जरा जास्तच कमी करतो, गरज नसताना. पलीकडे उतार लागला की कुंडलिकेच्या काठचं रोहा.

सौ.ने मार्चच्या आत गाडी विकायला लावली नाही. उलट गेल्या दोन हिवाळ्यांत ती स्वतः डबलसीट येते आणि निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ वहीत लिहिते. गणिताच्या बाई आहेत, चालायचंच. शेवटची नोंद : एक तास सव्वीस मिनिटं, चहा आणि पूल बघणं धरून.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आम्ही पोपटीला रोह्याला जाणार आहोत. हॉस्टेल आणि स्टाफमधल्या कोणाला यायचं असेल तर मशीन शॉपच्या नोटीस बोर्डवर नाव लिहा. सासूबाईंनी बारा माणसांचं मडकं सांगितलंय. अटी : आयएसआय हेल्मेट बंद लावून, टायरचे चार आकडे नावापुढे लिहून, आणि मी पुढे असताना मला कोणी ओव्हरटेक करायचं नाही.